ताटाखालचा तराजू

न्यूयॉर्कमध्ये १९८०च्या सुमारास संशोधकांनी एक टेबल बनवून घेतलं. वरून पाहिलं तर त्यात नवल काही नव्हतं. टेबलावर आच्छादन, त्यावर ताट. आच्छादनाखाली मात्र तराजू दडवलेला होता आणि ताटातलं किती ग्रॅम कमी झालं ते तो घासाघासाला टिपत होता. हॅरी किसिलेफ आणि सहकाऱ्यांच्या या टेबलाला ‘युनिव्हर्सल इटिंग मॉनिटर’ असं भारदस्त नाव मिळालं. खटपट कशासाठी, तर माणूस किती खातो हे त्याला न विचारता कळावं यासाठी.

न विचारता का? विचारलं तर सांगेल की! पण या विषयाचं सगळं दुखणं इथेच आहे. बिंज इटिंगचा, म्हणजे ताबा सुटून बेसुमार खाण्याचा, त्रास असलेली माणसं किती खातात आणि त्यांचं शरीर किती ऊर्जा जाळतं, या प्रश्नावर गेली चाळीसेक वर्षं काम चालू आहे. या जमाखर्चातली खर्चाची बाजू आता लघवीच्या नमुन्यांवरून काढता येते. जमेची बाजू मात्र अजूनही बरीचशी माणसाच्या शब्दावर उभी आहे, आणि तो शब्द नेमका लाजेपाशी अडखळतो.

‘बिंज’ हा शब्द आपल्याकडे वेबमालिकांचं बोट धरून आला. खाण्याचे आपले जुने शब्द पुष्कळ आहेत: खा-खा सुटणं, वखवख, हावरेपणा, भस्म्या. पण त्यातला एकही इथे नीट बसत नाही. हावरेपणा म्हटलं की तो स्वभावाचा दोष झाला. बोलणाऱ्याचं नाक आधीच मुरडलेलं असतं. भस्म्या झालेला माणूस खातो आणि तरी वाळत जातो. त्यातल्या त्यात ‘खा-खा सुटणं’ जवळचं, कारण त्या वाक्यात कर्ता माणूस नसतो. मला खा-खा सुटते. मी ती सोडत नाही. रुग्ण सांगतात ते हेच. हात थांबत नाही.

अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९५९मध्ये लठ्ठ रुग्णांच्या खाण्याच्या तऱ्हा नोंदवल्या, तेव्हा थोड्या वेळात प्रचंड खाऊन मागाहून स्वतःचीच किळस वाटणाऱ्यांची एक तऱ्हा त्यांनी वेगळी काढली. पुढे १९७९मध्ये लंडनच्या जेरल्ड रसेल यांनी ३० रुग्णांवरून बुलिमिया नर्व्होसाचं वर्णन केलं. बेसुमार खाणं, मग उलटी किंवा जुलाबाची औषधं. अभ्यासकांचं लक्ष तिकडे गेलं आणि उलटी न करणारे, नुसतेच खाणारे मागे राहिले. अमेरिकी निदानपुस्तिकेच्या १९९४च्या आवृत्तीत त्यांना परिशिष्टात जागा मिळाली. स्वतंत्र आजार म्हणून नाव लागलं ते २०१३मध्ये. स्टंकार्डच्या लेखानंतर ५४ वर्षांनी. तोवर, २००७मध्ये, अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीने दाखवून दिलं होतं की आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेल्या स्त्रिया ३.५ टक्के आणि पुरुष २ टक्के आहेत. ॲनोरेक्सिया (खाणं जवळजवळ सोडून देण्याचा आजार) आणि बुलिमिया या दोन्हींपेक्षा जास्त.

व्याख्या काय म्हणते? साधारण दोन तासांच्या अवधीत, तशाच परिस्थितीत बहुतेक लोक खातील त्यापेक्षा नक्कीच जास्त खाणं. खाताना ताबा सुटल्याची जाणीव. आणि हे आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने. यातले ‘तशाच परिस्थितीत’ हे शब्द दिसतात तितके सोपे नाहीत. लग्नाच्या पंगतीत पैज लावून पंचवीस जिलब्या उठवणाऱ्याला आपण रोगी म्हणत नाही, त्याचे किस्से पुढची वीस वर्षं सांगतो. रात्री अकराला स्वयंपाकघरातला दिवा न लावता चिवड्याचा डबा संपवणारी बाई त्याच्या निम्मंही खात नसेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या रोगांच्या यादीने इथे प्रमाणाचा हट्ट सोडला. ताबा सुटला आणि नेहमीपेक्षा जास्त किंवा वेगळ्या रीतीने खाल्लं गेलं, एवढं पुरे. मला हे पाऊल योग्य वाटतं. संशोधकाची मात्र यात पंचाईत होते, कारण ताबा तराजूवर ठेवता येत नाही.

‘बिंज करून दाखवा’ असं कुणाला सांगता येतं का? ऐकायला विचित्र वाटतं, पण कोलंबिया विद्यापीठाच्या परिसरातल्या प्रयोगशाळांमध्ये टिमथी वॉल्श, किसिलेफ आणि इतरांनी हे खरंच करून पाहिलं. एकटीला खोलीत बसवायचं. समोर एका माणसाला संपणार नाही इतकं अन्न मांडायचं. एके दिवशी सूचना अशी, की नेहमीसारखं जेवा. दुसऱ्या दिवशी, की हात आखडू नका, जाईल तेवढं खा. सुझन यानोव्स्की यांच्या १९९२च्या अभ्यासात सगळ्या बायका लठ्ठ होत्या. फरक एवढाच, की काहींना बिंजचा आजार होता, काहींना नव्हता. मोकळीक मिळाल्यावर आजार नसलेल्यांनी सरासरी सुमारे २,००० कॅलरी खाल्ल्या, आजार असलेल्यांनी जवळजवळ ३,०००. आणि ‘नेहमीसारखं’ जेवतानाही आजार असलेल्यांचा आकडा मोठाच राहिला.

हा दुसरा निष्कर्ष मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. बुलिमियाचे रुग्ण दोन झटक्यांच्या मधल्या काळात मोजूनमापून, तुटपुंजं खातात. बिंज इटिंगच्या आजारात तशी टोकं दिसत नाहीत. ओढ्याला पूर येतो हे खरं, पण एरवीही त्याला पाणी जास्तच असतं. उपचारांच्या वेळी ही गोष्ट पुन्हा आडवी येते. तिथे परत येऊ.

खातात काय? ‘कार्बोहायड्रेटची ओढ’ हा शब्दप्रयोग मासिकांमधून बराच फिरला. ताटांच्या हिशेबात ती ओढ काही सापडली नाही. बिंजमध्ये स्निग्धांशाचा वाटा जास्त होता आणि प्रथिनांचा कमी. म्हणजे आइस्क्रीम, केक आणि अरबटचरबट, जिथे साखर एकटी येत नाही, लोणी घेऊन येते.

ॲलन गेलिब्टर यांनी आणखी खाली, थेट जठरात हात घातला. नळीतून एक फुगा जठरात सोडायचा, त्यात पाणी भरत जायचं आणि कुठवर सोसवतं ते पाहायचं. बिंज करणाऱ्यांच्या जठराची क्षमता मोठी निघाली. पण ही क्षमता आजाराचं कारण की सवयीचं फळ? काही आठवडे कमी खाल्ल्यावर ती घटते, हेही त्यांनीच दाखवलं. तेव्हा निदान काही भाग तरी फळाचाच. संप्रेरकांनी तर कोडं वाढवलं. घ्रेलिन हे भूक चाळवणारं संप्रेरक या रुग्णांत जेवणाआधी जास्त असेल अशी कुणाचीही अटकळ असेल. ते कमी निघालं. जेवल्यावर मात्र ते इतरांमध्ये उतरतं तेवढं यांच्यात उतरलं नाही. सोप्या भाषेत, ‘खा’ ही हाक मोठी नाही. ‘पुरे’ ही हाक बारीक आहे.

पण प्रयोगशाळेतलं जेवण ते प्रयोगशाळेतलंच. खोली परकी, अन्न परकं, आणि आपल्याला पाहिलं जातंय हे डोक्यात. ज्या आजाराचं एक लक्षण ‘लाजेमुळे एकट्याने खाणं’ असं आहे, त्याची मोजणी साक्षीदारांसमोर करायची! मग घरचं कसं कळणार? आहारतज्ज्ञाचा ठरलेला प्रश्न असतो: काल सकाळपासून काय काय खाल्लं? किंवा मग आठवडाभर वही लिहायला सांगतात.

या वहीचा दगाफटका १९९२मध्येच उघडा पडला. न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स-रूझवेल्ट रुग्णालयातल्या स्टीव्हन लिक्टमन आणि सहकाऱ्यांनी दहा लठ्ठ माणसं घेतली. ‘आम्ही दिवसाला १,२०० कॅलरींच्या आत खातो, तरी वजन हलत नाही, आमची चयापचयाची क्रियाच मंद असणार’ असं त्यांचं म्हणणं. मोजल्यावर चयापचय अपेक्षेबरहुकूम निघाला, पाच टक्क्यांच्या आत. प्रत्यक्ष खाणं मात्र वहीत लिहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होतं. सरासरी ४७ टक्के कमी लिहिलं गेलं होतं. व्यायाम ५१ टक्के जास्त. या दहा जणांना बिंजचा आजार होता असं कुणी म्हटलेलं नाही, आणि ती खोटारडी होती असंही नाही. आपल्या वहीवर त्यांचा स्वतःचा विश्वास होता. ताबा सुटून, घाईघाईने, अर्धवट भानावर खाल्लेलं अन्न मग किती नीट आठवत असेल, याचा अंदाज वाचकानेच करावा.

लिक्टमन यांना हे पकडता आलं ते एका खास पाण्यामुळे. मिनेसोटाच्या नेथन लिफसन यांनी १९४०च्या दशकाअखेर दाखवलं होतं, की श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन आणि शरीरातल्या पाण्यातला ऑक्सिजन यांची सतत अदलाबदल चालू असते. तेव्हा ज्याचा हायड्रोजनही जड आणि ऑक्सिजनही जड असं पाणी प्यायला दिलं, तर जड हायड्रोजन फक्त पाण्यावाटे निघून जातो. जड ऑक्सिजन पाण्यावाटेही जातो आणि श्वासावाटेही. लघवीच्या नमुन्यांत दोघांच्या घटण्याच्या वेगात जो फरक दिसतो, तो म्हणजे बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड. त्यावरून जाळलेली ऊर्जा. आधी हे उंदरांवर झालं. माणसावर डेल शोलर यांनी १९८२मध्ये करून दाखवलं, कारण जड ऑक्सिजन इतका महाग होता की माणसाच्या आकाराचा डोस त्याआधी परवडणाराच नव्हता. एक पेला पाणी प्यायचं आणि दोन आठवडे आपल्या नेहमीच्या आयुष्यात परत जायचं. ना खोली, ना टेबल. वजन स्थिर असेल तर जेवढं जाळलं तेवढंच खाल्लं असणार, एवढा सरळ हिशेब.

मोजमापाच्या इतिहासात याच्याइतकी देखणी युक्ती मला क्वचितच दिसते. पण बिंजच्या अभ्यासात ती अर्धीच कामाची. दोन आठवड्यांची एकूण रक्कम ती देते. मंगळवारी रात्री काय झालं ते सांगत नाही. आजार आहे तो मंगळवारच्या रात्रीत.

खर्चाच्या बाजूकडे वळू. इथला मूळ संशय जुना आणि रुग्णांना हवाहवासा: आमचं शरीर कमी जाळतं. पडून राहिलेल्या माणसाच्या तोंडावर पारदर्शक टोप ठेवून, त्याने घेतलेला ऑक्सिजन आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजून विश्रांतीतला ऊर्जाखर्च काढतात. हिशेबाचं सूत्र वियर यांचं, १९४९चं. मार्टिना द झ्वान आणि जेम्स मिचेल यांच्या गटाने २००२मध्ये खाण्याच्या आजारांमधल्या या सगळ्या मोजण्यांचा आढावा घेतला. ॲनोरेक्सियात चित्र स्वच्छ होतं: शरीर खंगतं आणि खर्च खूप खाली येतो. बुलिमियात निकाल एकमेकांशी भांडत होते. त्याचं नवल नाही. कुणी कालच उपास केलेला, कुणी कालच बेसुमार खाल्लेलं, कुणाचं वजन पूर्वी बरंच जास्त असलेलं. बिंज इटिंगच्या आजारात मात्र फरक जवळजवळ सापडतच नाही. चरबी वगळून उरलेल्या शरीराचं वजन हिशेबात धरलं, की बिंज करणारा आणि न करणारा लठ्ठ माणूस सारखीच ऊर्जा जाळतात. मोठं शरीर उलट एकूण जास्तच जाळतं. चयापचयावरचा आरोप टिकला नाही.

शरीर अगदीच निर्दोष आहे, असं मात्र नाही. उपासमारीनंतर ते काय करतं ते ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५मध्ये मिनेसोटात पाहिलं. युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले ३६ तरुण स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहिले. वजन साधारण चौथ्या हिश्शाने उतरलं, विश्रांतीतला ऊर्जाखर्च जवळपास ४० टक्क्यांनी घटला. खरी गोष्ट पुढे आहे. अन्न मोकळं केल्यावर काहीजण पोट तुडुंब भरूनही भुकेलेच राहिले आणि खातच सुटले. त्यांना आधी कसलाही खाण्याचा आजार नव्हता.

आपण याला ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणतो आणि हसून सोडून देतो. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५मध्ये या म्हणीची जणू परीक्षाच घेतली. विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजायचा, मग ‘चवीची चाचणी’ म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवायचं. एरवी बेफिकीर खाणाऱ्या मुलींनी शेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं, जे सरळ आहे. सतत खाण्यावर लगाम ठेवणाऱ्या मुलींनी जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे तर आता काय! पेन स्टेट विद्यापीठात रिबेका कॉर्विन यांच्या उंदरांनी तर यात नियमांचीही गरज नाही असं दाखवलं. पोटभर दाणागोटा असलेल्या उंदरांना वनस्पती तूप आठवड्यातून तीनच दिवस, थोडा वेळ दिलं, तर रोज मिळणाऱ्यांपेक्षा ते त्या वेळात कितीतरी जास्त फस्त करत. घरात फराळाचा डबा वरच्या फळीवर ठेवणाऱ्या सगळ्या आयांनी हा प्रयोग केलेला आहे.

एवढ्याने बिंजचं कोडं सुटतं असं समजू नये. डाएटमुळे बिंज, हे सूत्र बुलिमियाला चांगलं लागू पडतं. बिंज इटिंगच्या आजारात मात्र बऱ्याच जणांची बिंज डाएटच्या आधी सुरू झालेली असते. मग मनःस्थिती? रुग्णांना दिवसातून अनेकदा फोनसारख्या यंत्रावर ‘आत्ता कसं वाटतंय, काय खाल्लं’ असं विचारणाऱ्या ३६ अभ्यासांचं २०११मध्ये एकत्रित विश्लेषण झालं. बिंजच्या आधी मन खालावलेलं असतं, हे अपेक्षेप्रमाणे दिसलं. बिंजनंतर ते आणखी खालावतं, हे ‘दुःख विसरायला खातात’ या लोकप्रिय समजुतीला छेद देणारं निघालं. खातानाच्या त्या काही मिनिटांत काय होतं, तिथे यंत्र पोचत नाही. बिंज चालू असताना प्रश्नावली भरणार कोण?

बुलिमियातल्या उलटीबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तिच्यामुळे खाल्लेलं सगळं बाहेर पडतं हा गैरसमज जीवघेणा आहे. वॉल्टर के यांच्या गटाने १९९३मध्ये खाल्लेलं आणि उलटून पडलेलं दोन्ही मोजलं. सरासरी २,१३१ कॅलरींच्या बिंजपैकी बाहेर पडल्या ९७९. निम्म्याहून जास्त आत राहिल्या. जुलाबाच्या औषधांनी तर शोषण जेमतेम १२ टक्क्यांनी घटतं, हे १९८३मध्येच कळलं होतं. जातं ते पाणी आणि क्षार, आणि त्या क्षारांवर हृदयाचे ठोके अवलंबून असतात.

हे सगळं न्यूयॉर्क, मिनेसोटा, लंडन. आपल्याकडे हाच अभ्यास करायचा तर? अन्नघटकांची कोष्टकं आहेत. कुन्नूरहून १९३७मध्ये निघालेल्या पुस्तिकेपासून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या ५२८ पदार्थांच्या तक्त्यांपर्यंत मोठी परंपरा आहे. पण तक्त्यात तूरडाळ असते, आमटी नसते. फोडणीत तेल किती पडलं हे टाकणाऱ्या हाताला माहीत, खाणाऱ्या तोंडाला नाही. वाटी म्हणजे कुठली वाटी? त्यात आग्रह. ‘तुम्ही किती पोळ्या खाल्ल्या’ याचं उत्तर पुष्कळ घरांत वाढणारीच देते, आणि ती स्वतः सगळ्यांच्या मागून, उभ्याउभ्या, भांड्याला लागलेलं निपटून जे खाते ते कुठल्याच वहीत येत नाही.

खर्चाच्या बाजूलाही आपली अडचण वेगळी. बहुतेक पाश्चात्त्य अभ्यासांत रुग्ण निवडले गेले ते बीएमआय पाहून. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला जोडफोटो अनेकांना आठवत असेल. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. विश्रांतीतला ऊर्जाखर्च मुख्यतः बिनचरबीच्या शरीरावर ठरतो, त्यामुळे पाश्चात्त्य माणसांवरून बेतलेली समीकरणं भारतीयांचा खर्च वाढवून सांगतात. आणि दिसायला सडपातळ, बीएमआयने ‘नॉर्मल’ असलेली, पण रात्री ताबा सुटणारी आपली रुग्ण त्या निवडीत दारातच अडली असती.

उपचारांपाशी जमाखर्च पुन्हा कोड्यात टाकतो. विचार आणि वर्तन बदलणाऱ्या उपचारपद्धतीने, म्हणजे सीबीटीने, बऱ्याच रुग्णांची बिंज थांबते. लिसडेक्सॲम्फेटामिन या औषधाला अमेरिकेत २०१५मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. तेही झटके कमी करतं. गंमत अशी, की सीबीटीने बिंज थांबली तरी वजन फारसं उतरत नाही. आठवड्याचे दोन-तीन झटके वाचले तर त्या कॅलरी गेल्या कुठे? यानोव्स्कींच्या ‘नेहमीसारखं जेवा’च्या ताटाकडे बघितलं की थोडा उलगडा होतो. पुराचं पाणी बहुधा बाकीच्या दिवसांत वाटलं जातं. वजन उतरलं नाही म्हणून उपचार फसला, असं म्हणणारे डॉक्टर रुग्णाचं दुखणं ऐकतच नाहीत, असं माझं मत आहे. ती आली होती हात थांबत नाही म्हणून, आणि तो थांबला आहे.

या उपचारातही वही आहेच. संशोधकाला वहीचा राग असतो, कारण लिहायला लागलं की माणूस वेगळं खायला लागतो. उपचार करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांच्या पद्धतीत रुग्ण खाल्ल्याबरोबर लिहितो: वेळ, काय खाल्लं, कुठे, त्या वेळी काय चाललं होतं. कॅलरींचा रकाना नसतो. एक अरुंद रकाना चांदणीसाठी राखलेला असतो. आपल्या मते जास्त झालं असं वाटेल त्या खाण्यापुढे रुग्णाने स्वतः ती काढायची. चार बिस्किटांपुढे चांदणी आली आणि लग्नाच्या जेवणापुढची जागा कोरी राहिली, तरी ती खोडायची नसते.